भिंतीपलीकडचा बेस

चहा थंडा झाला तं होऊ द्या, पण आमच्या शेजारच्या सुमनकाकूंचं आधी आयका. त्या बाईचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

माहा दोस्त संदीप गिटारवर ब्लूज, म्हंजे अमेरिकेतली दुःखाची गाणी, गाते अन् मी माऊथ ऑर्गन वाजवतो, हे तुमाले माईत हाय. आमच्यापाशी खालचे घुमणारे सूर देणारा बेस गिटारवाला नाही, म्हणून त्याचं कामही मीच करतो. डावीकडच्या खालच्या सुरांवर एकच चाल फिरून फिरून, घुं-घुं-घुम-घुम. घरी रियाज सुरू केला की काकू भिंत ठोकत. "अरे बाबू, घरात म्हैस बांधली का?"

मंग अकोल्यात, आमच्याच कॉलनीत, आमचा पहिला कार्यक्रम ठरला. स्टेजवर चढायच्या आधी मी चिवडा खाल्ला अन् तिथंच घात झाला. पहिल्याच गाण्यात चिवड्याचा कण माऊथ ऑर्गनमध्ये अडकला अन् खालचा सूर मुका झाला. फुकलं, ओढलं, पण आवाजच नाही. संदीप माह्याकडे पाहून राहिला. लोक हसून राहिले.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, घुं-घुं-घुम-घुम. सुमनकाकू! मी धावत खाली उतरलो अन् माहा माईक त्यांच्यापुढे धरला. काकूंनी आख्खं गाणं पार नेलं, एक सूर चुकला नाही.

मी पायाच पडलो. "काकू, तुमी लाज राखली."

"रोज आयकून पाठ झालं न, बाबू."

दुसऱ्या दिवशी रियाजाले बसलो तं भिंतीवर ठकठक. मी लगेच थांबलो.

पलीकडून काकू ओरडल्या, "थांबला कावून? ताल देऊन राहिली न मी!"