जेवणाच्या सुट्टीतला कायदा

दोष माझ्या आईचा – अहो ताई, दचकू नका, ती आत जेवायला बसलीय, डबा संपल्याशिवाय उठायची नाही. आई म्हणजे या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. सरकारनं हा पाळणा बसवला, वर एवढ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं – बाळ ठेवा, कुणी काही विचारणार नाही. कायदाच आहे तसा. पण आईला सांगणार कोण? म्हणे, भाजी घेतानासुद्धा कालची की आजची विचारते मी, मग पोर काय न विचारता घेऊ? – आणि वही ठेवली! पाळण्याशेजारी वही, वर दोरीनं बांधलेलं पेन. मोठे डॉक्टर काय म्हणाले? सिस्टरांची शिस्त! शिस्त कसली डोंबलाची, नाक खुपसायची हौस नुसती – बाळाचं डोकं झाका हो, वारा लागतोय.

उन्हाळ्यात एक आली. माझ्याच वर्गातली – म्हणजे मी कॉलेज सोडलं त्याआधी. बाळ दोन दिवसांचं. आईनं वही पुढं सरकवली. नाव काय? राहतेस कुठं? बाप कोण याचा? – ती त्या हिरव्या पडद्याकडं बघत राहिली, मग बाळ उचललं आणि गेली. दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या जिन्याखाली सापडलं. थंडगार. आणि आई म्हणते काय, मी काय वाईट केलं, नावच तर विचारलं!

मला कसं माहीत म्हणजे? पडद्यामागं होतो ना मी. मीच पाठवलं होतं तिला – जा, कुणी विचारत नाही, मी आहे तिथं. आहे! आईनं बाप विचारला तेव्हा दोन पावलं पुढं यायचं होतं, दोनच – पाय हलतील तर शपथ. एवढा घोडा झालो, आईला भितो.

वही मी जाळली. तिनं नवी आणली. मग मी रोज आईच्या जेवणाच्या वेळेला येऊन बसतो. तेवढा अर्धा तास इथं कायदा चालतो, बाकी दिवसभर आई.

रडू नका. मन बदललं तर परत न्यायची मुदत आहे, त्या पाटीवर लिहिलीय. ठेवा. मी भिंतीकडं तोंड करतो – ठेवलंत? जा आता. डब्याचं झाकण वाजलं, जा म्हणतो ना!

मला मुलगी होती. दोन दिवस.