लाल चिंधीचा पंप

हॅलो? …हो, मीच. बोल चिमणे. …अगं आधी श्वास घे. …जेवले, हो, जेवले. प्लास्टरच्या आत नुसती खाज सुटलीय, विणायची सुई घालून खाजवतेय. माझं राहू दे. वृद्धाश्रमातली बाग जागेवर आहे ना?

…हिरवळ कापलीस? यंत्राचं पातं वर घेतलं होतंस ना? …शाब्बास. बोडकं करायचं नसतं, नुसते केस कमी करायचे. …आणि मेंदीचं कुंपण छाटलंस? खाली रुंद, वर अरुंद? …अगं वा! माझा पाय बरा होईस्तोवर माझी नोकरी खाशील तू.

…अवजारांची खोलीही आवरलीस? बरं झालं, पार उकिरडा झाला होता. …हो, हो, तुझी टापटीप, माहितीये.

…मावा? कुठल्या गुलाबावर? …कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींच्या खिडकीखालच्या? शेंड्यांवर असेल. साबणाचं पाणी फवारलंस ना, सांगितलं होतं तसं? …छान.

…काय? …पंपाचं तोंड तुंबलं म्हणून दुसरा घेतलास?

…दुसरा म्हणजे कुठला?

…थांब, थांब. त्या दुसऱ्याच्या दांड्याला लाल चिंधी आहे. …आहे म्हणजे आहेच! मी माझ्या हाताने बांधलीय. …तू सोडलीस? …मळली होती म्हणून धुवायला?

अगं बाई! चिमणे, काय करून बसलीस! तो तणनाशकाचा पंप! फरशीच्या फटींतलं गवत जाळायला ठेवलाय तो! म्हणून तर चिंधी! पहिल्याच दिवशी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं… …दोरीवर वाळतेय? वाळू दे, मग इस्त्रीही कर तिला!

…रडू नकोस. अगं ऐक ना… रडायला नंतर भरपूर वेळ आहे. पंप रिकामा होता का? …तळाशी थोडं पाणी? ते पाणी नव्हतं गं! …आणि त्यातच साबणाचं ओतलंस. म्हणजे आता ते पानांना चिकटून बसणार.

…बाकीच्या गुलाबांवर मारलंस? …नक्की नाही? …देव पावला. कधी मारलंस? …नाश्त्यानंतर. पानं वाळली असतील. …अगं हात काय लावतेस, हातमोजे घाल आधी!

…टवटवीत दिसतंय? दिसणारच. आठवडाभर दिसेल. पानातून आत शिरतं ते, आणि गुपचूप मुळाकडे उतरतं. मग एक दिवस झाड मान टाकतं. …नळी आण. पळ! सगळं झाड धुऊन काढ, पानांच्या पाठीसुद्धा. फोन बंद करू नकोस, स्पीकर लावून कट्ट्यावर ठेव. मी आहे.

…

…झालं? चिंब केलंस ना? …आता कात्री घे. …छाटायची मोठी, हिरव्या मुठीची. …कशाला म्हणजे? कापायचंय. जेवढ्यावर फवारा पडला तेवढं सगळं. नुसत्या धुण्याने भागायचं नाही. …खालच्या फांद्यांवर पडलं का? …नाही ना? मग गुडघ्याएवढं ठेव, वरचं सगळं खाली. फांदीवर कोंब फुटायचा डोळा दिसतो ना, बाहेर तोंड केलेला? त्याच्या जरा वर, तिरका काप.

…कळ्या. …हो. माहितीये मला.

…माहितीये गं, आजोबांनी लावलेलं झाड आहे. ते गेल्यापासून एक कळी धरली नव्हती त्याने. आजी रोज सकाळी मला विचारायच्या, 'यंदा तरी?' आणि यंदाच धरल्या. …आणि या पायापायी मी इथे अडकलेय. दारापर्यंत जाता येईना मला.

…काय म्हणालीस? …'रोग पडला म्हणून सांगू'?

…नाही, रागावले नाही. माझ्याही मनात आलंच होतं. मॅनेजरला कळलं तर तुझ्याबरोबर मीही घरी. पण चिमणे, त्या म्हातारीने खिडकीत बसून ते मरताना बघायचं, आणि आपण रोज 'काय आजी, बऱ्या आहात ना' करायचं? मला नाही जमणार. नोकरी गेली खड्ड्यात.

…अजून कापलं नाहीस? प्रत्येक मिनिटाला ते खाली उतरतंय! …कात्री दोन्ही हातांनी धर! …कोण? …खिडकीत? केव्हापासून उभ्या आहेत? …सगळं ऐकलं?

…दे. फोन दे त्यांच्याकडे.

…आजी, नमस्कार. …पाय ना, ठीक आहे. आजी, ऐका. माझ्या बहिणीच्या हातून चूक झालीय. तुमच्या गुलाबावर तण मारायचं औषध पडलंय. …नाही, मुद्दाम कसं करेल हो. नवीन आहे, शिकतेय. …हो. …हो, कळ्यासुद्धा. सगळ्या.

…जगेल का? …आजी, खोटं नाही बोलणार. कापलं तर जगेल कदाचित. नाही कापलं तर नक्की जाईल. …नाही, उद्यावर नाही टाकता येणार.

…आजी?

…हवं तर रागवा मला.

…हॅलो? …हॅलो! कोणी आहे का तिकडे?

…

…चिमणे? कुठे होतीस? आजी कुठेत? …बाहेर आल्या? चपला न घालता? …मग आवर त्यांना, सावर! …काय करताहेत?

…हा कसला आवाज? …कात्री? …तू कापतेयस ना?

…आजी?

…त्याच कापताहेत? …थांबवू नकोस. …नाही, काही बोलूही नकोस. हातमोजे दे फक्त, काटे लागतील. …घालत नाहीत? बरं. राहू दे.

…काय म्हणाल्या? …'तिरका काप, बाहेरच्या डोळ्यावर'? …तुला दाखवताहेत? …'ह्यांनी शिकवलंय'.

…हं. …बरोबर सांगताहेत. मीही आजोबांकडूनच शिकले ते.

…नाही गं, मी कुठे रडतेय. खाज सुटलीय.

…कळ्या टाकायच्या नाहीत म्हणतात? …मग नळाखाली नीट धू, पेल्यात पाणी घे आणि त्यांच्या खिडकीत ठेव. …उमलतील का ते काय सांगू? ठेव म्हणतात ना, मग ठेव. …आणि ती चिंधी वाळली की जिथल्या तिथे बांध. मळकीच बरी होती. …हो, मॅनेजरशी मी बोलते.

आता फोन ठेव, चिमणे. आजींना फांद्या धरून दे. …अगं ठेव ना, दोन्ही हात लागतील तुला.