कुलूपबंद ठेवण्यात यावे

— न्हाई, न्हाई मॅडम, खुर्ची नको. आनि त्या वैजनाथ शिपायाला चहा तर मुळीच सांगू नका, चहा प्यायला आलो न्हाई मी. तुमी बसा, मुख्याध्यापिका तुमी, खुर्ची तुमची. मला फक्त एवढं सांगा, मार्था मॅडम — मुलींच्या संडासाला कुलूप का हाय? न्हाई, इकडचं तिकडचं नका सांगू, आत्ता मागं जाऊन डोळ्यांनी बघून आलोय मी. हे एवढं पितळी कुलूप! वर पाटी — 'मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह', कडेनं वेलबुट्टी काढलेली, आनि खाली कुलूप. फटीतनं आत वाकून बघितलं. पांढरीशुभ्र फरशी, कोपऱ्यात नवी कोरी बादली, बादलीवरचं लेबलसुद्धा निघालं न्हाई अजून! पाचवी ते दहावी सव्वाशे पोरी तुमच्या शाळेत, आनि बादलीवर लेबल?

तुमाला म्हाईत हाय ना संस्कृती कुठं हाय ते? सहावी ब, माझी नात. तीन दिवस झाले, नगरला दवाखान्यात. रजेचा अर्ज आलाय तुमच्याकडं, त्यात 'ताप' लिहिलंय. ताप! एकशे चार ताप, थंडीनं हुडहुडी, पोटाला हात लावू देईना. आदी सोनईच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी म्हनाला, हलवा नगरला. तिथल्या डॉक्टरीनबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं, पोरीला एकटीला विचारलं — बाळा, शाळेत लघवीला जातेस का? ती म्हनाली, न्हाई. मग पानी? पानी पीतच न्हाई, म्हनजे जावं लागत न्हाई. आता बोला! इन्फेक्शन पार किडनीपर्यंत गेलंय. अकरा वर्षांची पोर! रोज संध्याकाळी पान्याची बाटली भरलेली परत यायची, तर आमी तिलाच रागवायचो. मी रागवायचो. म्हनायचो, आळशी हाय, बाटली उघडायचा कंटाळा. आनि ती खाली मान घालून बाटली मोरीत वतून द्यायची, एक शब्द न्हाई. का, तर शाळेचं नाव सांगितलं तर मॅडम रागावतील!

म्हनून आज अर्ज घेऊन आलोय. हा बघा. माझी मुलगी राजनंदिनी तिथं पोरीच्या उशाला बसलीय, तिनं सांगून पाठवलंय — बाबा, शाळेची मान्यता गेली पाहिजे. मी म्हनालो, जाईल. का न्हाई जानार? खाजगी शाळा काढली म्हनजे काय किराना दुकान टाकलं का? संस्था रजिस्टर करा, मग मान्यता घ्या, दर तीन वर्षांनी ती पुन्हा तपासून घ्या, दहा निकष हायेत, एकेक खरा करून दाखवा — रॅम्प, संरक्षक भिंत, मैदान, वाचनालय, पिन्याचं पानी, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं. दहातला एक जरी न्हाई निघाला तरी प्रमाणपत्र अडतं. मला नका शिकवू, ह्याच बीटचा शिक्षण विस्तार अधिकारी हुतो मी, बावन्न शाळा हुत्या माझ्याखाली. मुंगसे साहेब म्हनलं की मास्तर लोक हजेरीपटाला कव्हर घालायचे! अनुस्वार राहिला तर लाल गोल करायचो मी, वेलांटी चुकली तर पान फिरून लिहायला लावायचो. आनि अशा मानसाची नात ह्या शाळेत लघवी धरून बसते सहा तास? कोनी पास केली ही शाळा? कोन गाढव आलता तपासायला, त्याला संडास उघडून बघता आला न्हाई?

काय? ... हां, बघितली असंल मी बी. मी न्हाई म्हनतच न्हाई. बावन्न शाळा म्हनल्यावर एकेका शाळेत किती वेळ देनार मानूस? डिसेंबरात सगळे प्रस्ताव एकदम येतात, वरून फोन, अहवाल कुठं हाय, अहवाल कुठं हाय. मग टेबल मांडलेलं असतं व्हरांड्यात, फाईल तयार, फोटो चिकटवलेले, पोहे येतात. फोटोत दिसतंय तर 'आहे' लिहायचं. बोलताना आमी हाय म्हनतो, लिहिताना 'आहे' लिहितो, एवढाच काय तो फरक. पन मी नुसते फोटो न्हाई बघितले कधी, मी उठून फेरी मारायचो. विचारा कोनालाबी. तुमच्या चेअरमनसाहेबांना विचारा, त्यांना आवडली हुती माझी कडक पद्धत. म्हनून तर गेल्या वर्षी जूनमधी प्रवेश बंद झालेले असताना संस्कृतीला लगेच जागा दिली त्यांनी, एक फोन केला मी फक्त — न्हाई, त्याचा ह्याच्याशी काही संबंध न्हाई. प्रवेश वेगळा, तपासणी वेगळी. मी कुलपाबद्दल विचारतोय. कुलूप कोनाच्या आदेशानं लावलंय ते सांगा.

वरिष्ठांच्या? कोन वरिष्ठ? असा कोनता वरिष्ठ हाय जो पोरींच्या संडासाला कुलूप घाला म्हनतो? लेखी हाय का? दाखवा. लेखी दाखवा, आत्ताच्या आत्ता, त्याचं नाव ह्या अर्जात पहिलं घालतो. काढा की, काढा. ... हे काय, शेरेबुक? त्यात हाय व्हय? थांबा, चष्मा... हां. दोन डिसेंबर. 'आज रोजी शाळेस भेट दिली.' अक्षर कसं हाय बघा, असं अक्षर आता न्हाई राहिलं कोनाचं — 'इमारत समाधानकारक. मुलींचे स्वतंत्र स्वच्छतागृह उत्तम व स्वच्छ आढळले. वापरामुळे दुरवस्था होऊ नये यास्तव ते कुलूपबंद ठेवण्यात यावे व पुढील तपासणीस याच स्थितीत दाखवावे. गो. रा. मुंगसे...'

...

हे असं न्हाई हो. असं न्हाई ते. तुमी शब्दाला शब्द लावताय. संध्याकाळी गावातली टवाळ पोरं मैदानात येऊन बसतात, बाटल्या फोडतात, त्या संडासाची आदल्या वर्षी भांडी फोडलेली हुती — म्हनून लिहिलं मी. म्हनजे शाळा सुटल्यावर कुलूप घाला. 'शाळा सुटल्यावर' एवढे दोन शब्द राहिले फक्त! घाईत राहिले. दोन शब्द राहिले तर काय मानसानं डोकं गहान टाकायचं? तुमी शिकलेल्या, बी.एड. झालेल्या, एका पोरीची आई तुमी, तुमाला समजत न्हाई पोरींना दिवसातनं चारदा जावं लागतं ते? साहेबानं लिहिलं, घातलं कुलूप! साहेबानं विहिरीत उडी मारा लिहिलं असतं तर मारली असती का? मला विचारायचं न्हाई का एकदा?

विचारलं हुतं? कधी? ... माझ्या निरोप समारंभात? खोटं. ... हां, तुमी नारळ घेऊन आल्ता स्टेजवर, ते आठवतंय. तेव्हा विचारलं? तिथं लाऊडस्पीकर चालू, शाली पडतायत अंगावर, तिथं कुठं संडासाची गोष्ट... आनि मी काय म्हनालो? 'पुढची तपासणी होऊन जाऊ द्या, मग बघू.' असं म्हनालो मी? बरं. म्हनालो असंन. पन ती तपासणी तीन वर्षांनी यायची, मॅडम! तीन वर्षं तुमी गप्प बसलात? पोरी जातात कुठं मग? मागच्या घासाच्या शेतात? एकीनं ओढनी धरायची आनि दुसरीनं... आनि तुमी? तुमी बाया शिक्षिका, आठ जनी हाय तुमी, तुमी कुठं जाता? ... घरी गेल्यावर? म्हनजे तुमी पन — रोज? पाच वाजेपर्यंत?

थांबा. फोन वाजतोय. राजनंदिनीचा हाय. ... हां नंदे, बोल. शाळेतच हाय. व्हय, मॅडमसमोरच उभा हाय. देतोय अर्ज, देतोय. ... शाळा कोनी पास केली? ते... ते न्हाई समजलं अजून. जुने कागद सापडत न्हाईत म्हनतायत. अगं हो, मी काय सोडतोय का त्यांना? ताप किती हाय आता? बरं. तिला पानी पाज थोडं थोडं. सांग तिला, आजोबा कोनाला रागावले न्हाईत. ठेव. ठेव म्हनतो ना.

माझ्याकडं असं बघू नका, मॅडम. ती पोर दवाखान्यात हाय, तिच्या आईला आत्ता काय काय सांगायचं मी? ती वही आत ठेवा. अर्ज राहू द्या माझ्याकडं, थोडा बदल करायचाय त्यात. आनि ते कुलूप काढा, आजच्या आज, वैजनाथला सांगा किल्ली न्हाई सापडली तर हातोडा घे. मी सांगतोय. ... लेखी? आता लेखी कशाला? मला अधिकार न्हाई, तीन वर्षं होत आली रिटायर होऊन. ... पालक म्हनून? पालकांचा बी शेरा चालतो, म्हाईत हाय मला, तो नियम मीच लावलाय तुमाला. पन दोन्ही अक्षरं एका पानावर येतील की हो, शेजारी शेजारी. उद्या नवा अधिकारी येईल, वही उघडंल, वाचंल. तुमी तोंडी आदेश समजा आनि उघडा ना. एवढं काय अवघड हाय त्यात? कुलूप लावताना लावलंत ना बरोबर! ... न्हाई. म्हनतो ना न्हाई. पेन खाली ठेवा, मॅडम. पेन ठेवा.