आखूड कापलेला दोरा

समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या आदरणीय मुख्याध्यापिकाबाई. व्यासपीठावर बसलेले संस्थेचे चिटणीस आणि गणिताचे आपले जुने सर. माझे शिक्षक आणि शिक्षकेतर सहकारी. आजी-माजी विद्यार्थी, आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसलेली माझी मुलगी,

एकतीस वर्षं मी या शाळेच्या कचेरीत कारकुनी केली. आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय की काय, म्हणून मी एकदा मागे वळून पाहिलं. मुलं मला दोरेकाका म्हणतात, कारण परीक्षेत पुरवणी बांधायचे दोरे मी कापून देतो. माझ्या काटकसरीची थट्टाही झाली. व्हायलाच हवी. एका दोऱ्याचे दोन करणारा माणूस मी.

त्या काटकसरीचीच एक गोष्ट सांगायची राहिली आहे. नऊ वर्षांपूर्वी शाळेच्या शेवटच्या वर्षाचा गणिताचा पेपर होता. रीळ संपत आलं होतं. नवं मागवायचं सोडून मी दोरे निम्मे कापले. पेपर संपल्यावर गठ्ठे बांधताना टेबलाखाली एक सुटी पुरवणी सापडली. पुरवणीवर नाव नसतं, क्रमांक नसतो; ती कुणाची, हे दोऱ्याची गाठच सांगते. ती तर सुटली होती. पण अक्षर मी ओळखलं. आमच्या घरातल्या वाणसामानाच्या यादीवर तेच अक्षर असायचं.

तेव्हाच्या मुख्याध्यापकांसमोर गठ्ठा उघडून, शेरा लिहून ती जोडता आली असती. त्याआधी दोघा मुलांच्या सुटलेल्या पुरवण्या मी स्वतः तशा जोडून घेतल्या होत्या. मग याच वेळी हात का आखडला? लोक म्हणतील, कारकुनानं पोरीचा पेपर घरून लिहून आणला. मघाशी जिला तुम्ही सचोटी म्हणालात ना, ती त्या दिवशी निव्वळ भीती होती. पुरवणीची घडी करून मी खिशात घातली.

तिला विद्यापीठात गणित शिकायचं होतं. प्रवेश सात गुणांनी हुकला. निकालाचा कागद हातात धरून ती म्हणाली, "बाबा, मला वाटत होतं तेवढी मी हुशार नव्हतेच."

मी काय म्हणालो? म्हणालो, "जेवून घे."

आज ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. माणसं तिला मानतात. पण गणिताचं पुस्तक तिनं पुन्हा उघडलेलं मी पाहिलं नाही. आणि मी दर वर्षी दुसऱ्यांच्या मुलांचे विद्यापीठाचे अर्ज भरून देत राहिलो. त्यांना प्रवेश मिळाला की आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू? घरी जाताना मात्र पाय जड व्हायचे.

सर, तुम्हाला आठवतं? कुणाची ते न सांगता मी एक पुरवणी तुम्हाला तपासायला दिली होती. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "कुणाचं लेकरू हे? याला पुढे शिकवा." तिन्ही गणितं बरोबर होती.

ती पुरवणी आज मी बरोबर आणली आहे. पोरी, तू हुशार होतीस. गाठ तू नीट मारली होतीस. दोरा मी आखूड कापला होता.

आपण हा सत्कार केलात, इतकी वर्षं मला सांभाळून घेतलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. तुम्हा सर्वांना तसं म्हणतो. तिसऱ्या रांगेला मात्र ते म्हणायचा मला हक्क नाही. तिला एवढंच विचारतो, खाली उतरल्यावर तुझ्या शेजारी येऊन बसू का?