प्लंबरच्या घरची लाइन

...आणि वर मलाच सांगतात, वाट बघा! तुम्हाला सांगतो, मी प्लंबर माणूस. गिऱ्हाइकाची भिंत ओली झालीय, पाणी टपटपतंय, आणि मी म्हणालो, ‘वाट बघा, पाईप आपोआप आत जाईल,’ तर चपलेनं मारेल की नाही मला?

झालं काय, बायकोला तिसरा महिना. आधीचं एक हातातोंडाशी येऊन गेलेलं, त्यामुळे या खेपेला घरात कुणी मोठ्यानं शिंकतसुद्धा नव्हतं. तर सोनोग्राफी चालू, आणि डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत अगदी सहज म्हणतात, “हं, आतडी अजून बाहेर नाळेत आहेत.” आतडी! बाहेर! बायकोनं माझा हात असा आवळला... पाना फिरवून घट्टे पडलेली बोटं माझी, तीसुद्धा कळवळली!

म्हटलं, “बाई, ही लाइन बसवली कुणी?” त्या हसल्या. “अहो, या दिवसांत असतंच असं. आतडी भराभर वाढतात, पोटात यकृतानं जागा अडवलेली, मग ती नाळेत जातात, तिथं गोल फिरतात, पोटात जागा झाली की येतात आत.” “आणि नाही आली तर?” “पुढच्या तपासणीत कळेल. तोवर वाट बघा.”

गोल फिरतात म्हणे! मी एक वळण जास्त दिलं तर लोक पैसे कापतात माझे. बरं, विचारलं, पाईप तरी मोकळा आहे ना? तर म्हणाल्या, “सुरुवातीला दोन्ही तोंडं बंद असतात, मग उघडतात. मध्येच काही भाग आतून बुजतो, तोही परत मोकळा होतो.” कोण करतं मोकळा? “आपोआप!” अहो, आपोआप झालं असतं तर मी जेवलो असतो का आजवर? म्हटलं, आम्ही भिंत बुजवायच्या आधी पाणी सोडून बघतो, इथं टेस्टिंग कोण करतं? “बाळच. पुढे ते भोवतालचं पाणी गिळायला लागतं.” घ्या! बाळ माझ्याच धंद्यात!

पण जीव थाऱ्यावर कुठला? एका बाईंकडे गरम नळाला गार पाणी जोडून आलो. फोन आला, “अहो, अर्धा तास झाला, गारच येतंय!” माझ्या तोंडून गेलं, “वाट बघा.” गेलं ते गिऱ्हाईक! घरी सासूबाई म्हणायच्या, “जावईबापू, तोंड पाडून बसू नका हो, तिला दिसतं.” आणि ती पोटावर हात ठेवून विचारायची, “अहो, गेली असतील का आत?” मी म्हणायचो, “गेली की!” मला काय डोंबल माहीत? अख्ख्या बिल्डिंगच्या लाइनी डोळे मिटून सांगतो मी, आणि पोटच्या पोराची लाइन बोटाएवढीही नाही, ती काही दिसेना. मोरीत नळ सोडून रडलो, खोटं कशाला सांगू!

पुढच्या तपासणीला बाई म्हणाल्या, “गेली बरं का आत, सगळी.” सोबत आलेल्या सासूबाईंनी तिथंच हात जोडले. मी म्हटलं, आता सुटलो? छे! “पुढचं जन्मल्यावर. वाट बघा!”

मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. मी पेढे वाटायला निघणार, तर नर्सबाई म्हणतात, “थांबा, शी होऊ दे. मग समजायचं, रस्ता मोकळा आहे.” मग काय! सासूबाई, सासरे, मी, सगळे त्या इवल्याशा दुपट्याकडे डोळे लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी दुपटं उघडलं... काळीकुट्ट, डांबरासारखी! “झाली!” असा ओरडलो मी की शेजारच्या खाटेवरचं पोर दचकून उठलं. सासऱ्यांना मिठी मारली, नर्सबाईंचे पाय धरायला गेलो. आयुष्यात इतकी सुंदर घाण बघितली नव्हती हो!

आता? आता दिवसभर दुसऱ्यांच्या तुंबलेल्या लाइनी उपसून घरी येतो, हात धुतो, पोरीला मांडीवर घेतो, आणि... गेलं दुपटं! बदलतो, परत तेच! शेवटी डॉक्टरीणबाईंना फोन केला, म्हटलं, “बाई, लाइन एकदम मोकळी आहे, शंकाच नाही, पण ही जरा थांबणार कधी?”

काय म्हणाल्या असतील, सांगा!




“वाट बघा.”