आईच्या सावडीत माझी मैत्रीण

नाही, पण मला सांगा, माणसानं आपण लिहिलेला कोड दाखवायचा तरी कुणाला? गोठ्यातल्या म्हशीला? मी कळंबात घरी बसून वेबसाइटी बनवते, स्वतःचं काम, डोक्यावर साहेब नाही... आणि शेजारी माणूसही नाही! सकाळपासून छळणारी चूक सापडली की वाटतं ओरडावं, कुणाला तरी सांगावं... तर दारात कोण? दादाभाऊ चुलते! "घरीच बसली हायेस ना? मंग जरा मोटार चालू करून ये."

आणि समोर रानात आमची आई! साळुबाई, लंकाबाई, अख्खी टोळी कांदे लावायला. मजुरी नाही, काही नाही, सावड! आज त्या आमच्या रानात, उद्या आई त्यांच्या. आणि खिदळणं केवढं? हायवेपर्यंत ऐकू जातं! मी जळत नाही हं. मी फक्त खिडकी जोरात लावते.

अवसरीच्या कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी पुण्याला गेल्या. रोज कुणाचा तरी वाढदिवस, रोज ऑफिसात केक, रोज फोटो! मी जळत नाही हं. लाईक करताना अंगठा जरा आपटतो, एवढंच.

आणि तुम्हाला सांगते, इंटरनेटवरच्या एका ग्रुपात मला यशोधरा सापडली. प्रोग्रामर! माझ्यासारखी एकटी! आणि कुठली? अमेरिकेची नाही, इथल्याच वारूळवाडीची! मी लगेच लिहिलं, आपण सावड करू, एक दिवस तू माझा कोड तपास, एक दिवस मी तुझा. तिचं उत्तर, "येते. भाकरी आणू का?" बघा! माझ्याच जातकुळीची पोरगी!

ती यायच्या दिवशी मी खोली झाडली, दुसरी खुर्ची आणली, आईला बजावलं, "आम्हाला काम आहे, मध्येमध्ये येऊ नकोस." "न्हाई बाई," आई म्हणाली, "च्या तेवढा देती." यशोधरा आली, लॅपटॉप उघडला, आई चहा घेऊन आली... आणि लाईट गेली, नेटही बंद! आई म्हणते, "आज लंकाबाई आली न्हाई. एक बाई कमी पडती गं." कुणाकडं बघून म्हणते? माझ्याकडं? छे! आणि ती यशोधरा, "लाईट येईपर्यंत मी लावते की, मावशी!" म्हणून जीन्स दुमडून वाफ्यात!

मावशी! आल्या आल्या मावशी!

लाईट आली. मी खिडकीतून हाक मारली, "अगं, कोड!" तर ती, "एवढा वाफा झाला की आलेच!" आणि सांगत काय होती त्यांना? गिऱ्हाइकाचा किस्सा! आवाज काढून! "मॅडम, सगळं छान आहे, फक्त सगळं बदला!" आणि साळुबाई पोट धरून हसतेय, "आमचा व्यापारी बी आसाच गं बया!" अहो, असला किस्सा ऐकायला मी किती दिवस आसुसले होते, आणि तो साळुबाईला? मी जळत नाही हं... पण साळुबाईला?

संध्याकाळी पाय धुऊन निघाली. "मावशी, खुरपणीला बोलवा!" आणि मला? "अगं, तुझा कोड राहिलाच की!"

मी आईवर भडकले. "ती माझी मैत्रीण होती! माझी!"

"मंग म्या काय खाल्ली का तिला?" आई रोपांच्या पाट्या धूत बसलेली. "पर तिनं आख्खा दिस माझ्या रानात काढला. सावड फेडाया नगं?"

"मग फेड की!"

"मला का त्या कंपूटरातलं कळतंय? सावडीला घरचं कुणी बी गेलं तरी चालतं. माझ्या बदली तू जा."

म्हणजे उद्या मी वारूळवाडीला, यशोधरेच्या घरी, तिचा कोड तपासायला. मैत्रीण म्हणून नाही हो, आईची बदली बाई म्हणून! वर आईनं तिला फोन केला. नंबर कधी घेतला, देव जाणे! म्हणाली, "पोरीला धाडते उद्या. हुशार हाय, पर सावडीला कधी गेली न्हाई, जरा सांभाळून घे."

जाते. न जाऊन सांगते कुणाला? आता आई दोघींच्या भाकऱ्या थापतेय, सोबत ठेचा. यशोधरेला तिखटच लागतं म्हणे.

मला कुठं माहीत होतं?