‘सौ.’च्या जागी ‘कै.’

…नाही, व्हायरस-बिरस काही नाही, वैभवी, जे झालंय ते मीच केलंय. तू बस आधी. ती खुर्ची ओढ — त्यावरचं स्वेटर राहू दे, तिथेच असतं ते, तू दुसरी घे. हं. तर तुमच्या त्या एडिटरमध्ये सोय आहे ना, एक शब्द शोधायचा, त्याच्या जागी दुसरा टाकायचा, आणि सगळ्या फायलींत एकदम — तूच दाखवली होतीस. आता मी आपल्या मराठी मंडळाचा जुना चिटणीस, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासूनचा. रिटायर होऊन इथे नोएडाला आलो, तर वेळ जाईना, म्हणून गणपतीच्या जुन्या पत्रिकासुद्धा बसून टाइप केल्या. सगळं यातच. शोधायचं ‘सौ.’, टाकायचं ‘कै.’ — बटण दाबलं, सेव्ह केलं, झालं. हसू नकोस. अख्ख्या मंडळाच्या बायका एका फटक्यात कैलासवासी. आणि यंदाची पत्रिका ईमेलनं गेलीसुद्धा — ‘कै. वैजयंती दामले यांच्या हस्ते आरती’. सकाळी त्यांचा फोन. शांतपणे म्हणाल्या, मुरलीधरराव, मी अजून आहे हो.

मला एकच बदलायचं होतं. शालिनीचं. बिल्कुल, शोधताना नाव घालायला हवं होतं — पण ‘कै.’च्या पुढे तिचं नाव टाइप करायला बोट जाईना. आणि एकेक फाइल उघडायची म्हणजे प्रत्येकीत तिच्यापाशी थांबायचं. म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तसं नसतंच केलं मी, पण पलीकडच्या सेक्टरात एक बाई नव्या आल्यात, त्यांना काय माहीत — यादीत नाव बघून फोन, गौरीच्या हळदीकुंकवाला शालिनीताईंना पाठवा. मी म्हटलं, बाजारात गेलीये, आली की सांगतो. निघून गेलं तोंडातून. दुसऱ्या दिवशी परत — आल्या का? म्हटलं, पडलीये जरा. आता किती दिवस पडून राहणार ती? — पण बरं वाटलं गं. खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ ती बाजारात होती.

काय, सगळं उलटं फिरवतेस? थांब, तसं नको — अण्णासाहेब सौ. होतील. खरे गेलेलेही आहेत ना यात. एकेक विचारू दे त्याला, मी सांगतो. वैजयंतीबाई — हो, आधी त्यांना उठव. विजया — हो. अण्णासाहेब — नाही, ते गेले. ही कुठली? अच्छा, सरोजिनी नगरचा गणपती. ‘शालिनी, नाट्यगीत’… हो कर. त्या वर्षी होती ना ती. तबलजी आलाच नाही, पेटीवर मी, ती एका पट्टीत आणि मी भलत्याच. घरी येईपर्यंत बोलली नाही माझ्याशी. हो. पुढे. रांगोळीची परीक्षक — हो. मोदकांची जबाबदारी — हो, होती. बघ, या सगळ्यांत ती होतीच, आणि मी वेड्यासारखा मागे जाऊन जाऊन… हो. हो गं, कर.

हे काय आलं? यंदाची यादी. शेवटचंच राहिलं का?

विचारतोय तो. विचारू दे. — नको, तू नको दाबूस. माउस दे इकडे. खरं तर इथे ‘नाही’च म्हणायला हवं, कळतंय मला. नाहीतर मग ती परत बाजारातच. — फोन वाजतोय? त्याच बाई असतील, आज हळदीकुंकू आहे त्यांच्याकडे. नाही, तू उचलू नकोस. मी घेतो. काय सांगायचं ते बघतो मी. कप राहू दे, मी विसळीन. तू नीघ आता. जाताना दार ओढून घे.